ब्रेकचे स्पंदन

ब्रेकचे स्पंदन म्हणजे ब्रेक दाबल्यावर मोटारगाडीचे पेडल पायाखाली लयीत थरथरणे. डिस्क वाकल्याने असे घडते, हा समज प्रचलित असला तरी बहुधा डिस्कची जाडी असमान झालेली असते; मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही ब्रेक ऑइलमार्फत पेडलपर्यंत पोहोचतो.

निदान

स्टिअरिंग हादरल्यास दोष बहुधा पुढील चाकांत, आसन हादरल्यास मागील चाकांत असतो. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबताना एबीएस यंत्रणेमुळे जाणवणारी थरथर मात्र स्वाभाविक असते. अशा वेळी पाय उचलू नये.

उपाय

हबवरील गंज काढून चाकाचे सर्व नट सारखेच घट्ट आवळतात. डिस्क लेथवर समतल करता येते. परंतु त्यामुळे तिची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापापेक्षा कमी होणार असेल, तर ती बदलावीच लागते.