साक्षीदाराचा आत्मा
लेखमाला : श्रद्धा, संशय आणि नीती – भाग सातवा

सदसद्विवेकबुद्धी माणसाच्या स्वभावातच असते, हे बिशप जोसेफ बटलरचे प्रतिपादन आपण मागच्या भागात पाहिले. ख्रिस्ती विचारात त्याहून जुना आणि व्यवहारात कितीतरी प्रबळ ठरलेला दुसरा एक युक्तिवाद आहे. आत्मा अमर आहे, मरणानंतर त्याला ईश्वरापुढे हिशेब द्यावा लागतो, आणि हा धाक गेला की माणसाच्या शब्दाला किंमत उरत नाही. सहिष्णुतेचा एवढा मोठा पुरस्कर्ता जॉन लॉक; पण १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रात त्यानेही नास्तिकांना सहिष्णुतेबाहेर ठेवले, कारण वचन, करार आणि शपथ यांचे बंधन त्यांच्यावर राहत नाही, असे त्याला वाटत होते. आत्मा आहे की नाही, हे कोणत्याही प्रयोगाने ठरत नाही. त्याच्या अमरत्वावर प्रामाणिकपणा अवलंबून आहे, हा दावा मात्र इंग्लंडच्या न्यायालयांत पिढ्यानपिढ्या राबवला गेला, आणि त्यातून काय निष्पन्न झाले ते तपासता येते.

तिथल्या जुन्या कायद्यात शपथेवाचून साक्ष नव्हती. १७४४ साली ओमीचंद विरुद्ध बार्कर हा खटला लंडनच्या चॅन्सरी न्यायालयापुढे आला, तेव्हा कलकत्त्यात नोंदवलेल्या हिंदू साक्षीदारांच्या जबान्या ग्राह्य धरायच्या का, असा पेच पडला. त्यांनी बायबलवर हात ठेवला नव्हता, ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती. न्यायालयाने जबान्या स्वीकारल्या. साक्षीदार ख्रिस्ती नसला तरी चालेल, पण शासन करणाऱ्या ईश्वरावर त्याचा विश्वास हवा, अशी रेघ आखली गेली. काळाच्या मानाने हे औदार्यच होते. पण त्याच रेघेने पुढे काय केले ते पाहा. १८६१ साली रॉचडेल इथल्या एका दाव्यात साक्षीला उभ्या राहिलेल्या बाईंना त्यांच्या श्रद्धेविषयी विचारले गेले. ईश्वरावर आणि मरणोत्तर बक्षीस-शिक्षेवर आपला विश्वास नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. त्यांची साक्ष घेतली गेली नाही, दावा बुडाला, आणि वरच्या न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. ‘हो’ एवढे एक अक्षर उच्चारले असते तर त्यांचे ऐकून घेतले गेले असते. जॉन स्टुअर्ट मिलने दोनच वर्षे आधी, १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’त, या नियमाचे मर्म उघडे केले होते. खोटे बोलायला तयार असलेला प्रत्येक नास्तिक या चाळणीतून आत जातो. लोकनिंदा आणि नुकसान सोसूनही खोटे न बोलणारा तेवढा बाहेर राहतो. म्हणजे ज्यांना परलोकाचा धाक नाही आणि तरीही सत्य सोडवत नाही, अशी माणसे कायदा स्वतःच भर न्यायालयात दाखवून देत होता, आणि त्यांच्या शब्दाला किंमत नाही असेही म्हणत होता. १८६९ साली संसदेने शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देण्याची मुभा अशा साक्षीदारांना दिली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. काही थोडी माणसे धाकावाचून खरी वागत असतील, पण कायदा बहुसंख्यांसाठी असतो, आणि त्यांना धाक लागतोच. लागतही असेल, पण त्यासाठी खोट्या साक्षीची शिक्षा होतीच, आणि प्रतिज्ञेवर खोटे बोलणाऱ्यालाही ती लागू झाली. संसदेतला झगडा मात्र अजून बाकी होता. नॉर्दम्प्टनचे मतदार १८८० पासून चार्ल्स ब्रॅडलॉ या उघड नास्तिकाला पुन्हा पुन्हा निवडून देत होते आणि सभागृह त्याला बसू देत नव्हते. १८८३ साली प्रतिज्ञेची मुभा देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने सर्वात प्रभावी भाषण केले ते ग्लॅडस्टनने, म्हणजे निस्सीम श्रद्धावान ख्रिस्ती पंतप्रधानाने. कोणताही एक देव मानला की दार उघडते, मग तो देव माणसाच्या बऱ्यावाइटाकडे ढुंकूनही न पाहणारा असला तरी चालते. अशा अटीने ख्रिस्ती धर्माचे कसले रक्षण होते, असा त्याचा रोख होता. विधेयक तीन मतांनी पडले. १८८८ चा शपथ कायदा अखेर ब्रॅडलॉनेच मंजूर करवून घेतला, आणि पुढच्याच वर्षी तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला पाहुणा म्हणून आला.

आजचे ख्रिस्ती विचारवंत नास्तिक अप्रामाणिक असतात असे सहसा म्हणत नाहीत. त्यांचा प्रश्न अधिक खोल आहे: आत्मा नसेल तर खरे बोलण्याचे बंधन येते कुठून? हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. पण शिक्षा आणि बक्षीस हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण शिक्षेच्या भीतीने खरे बोलणारा सावध ठरतो. सत्याचे बंधन त्याला कळलेच असे नाही. दुसरे म्हणणे असे की संशयवादी ख्रिस्ती संस्कारांच्या शिदोरीवर जगतात आणि तिचा उगम विसरतात. युरोपपुरते यात तथ्य असेल. महाराष्ट्रातल्या वाचकाला मात्र याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. १९५७ साली, बाबासाहेबांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आंबेडकर आत्म्यावरील विश्वासाला अधम्मात टाकतात, पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारतात, आणि इतर धर्मांत ईश्वराला जे स्थान आहे ते धम्मात नीतीला देतात. माणसाने माणसाशी नीट वागले पाहिजे ते माणसांना एकमेकांची गरज आहे म्हणून, अशी ती मांडणी आहे. तिच्यामागची परंपरा ख्रिस्तपूर्व आहे.

एवढे म्हटल्यावर ख्रिस्ती पक्षाचे जे देणे आहे ते दिलेच पाहिजे. डेव्हिड ह्यूम हा संशयवाद्यांचा मुकुटमणी. आत्म्याच्या अमरत्वावरचा त्याचा निबंध आजही निरुत्तर करतो. त्याच ह्यूमने १७५३ साली आपल्या एका निबंधाला तळटीप जोडून कृष्णवर्णीय लोक गोऱ्यांपेक्षा स्वभावतःच हीन असावेत, असा संशय व्यक्त केला. त्याला १७७० साली जाहीर उत्तर दिले ते अ‍ॅबर्डीनच्या जेम्स बीटी या श्रद्धावान ख्रिस्ती प्राध्यापकाने. बीटीने पुरावा मागितला, मेक्सिको आणि पेरूच्या साम्राज्यांचे दाखले दिले, आणि गुलामगिरीचा धिक्कार केला. ह्यूमच्या बुद्धीला जे दिसले नाही ते त्याला दिसले. सगळी माणसे एकाच ईश्वराची लेकरे, सगळ्यांना सारखाच आत्मा, या श्रद्धेचे बळ त्यामागे होते असे मला वाटते. खरे बोलायला आत्म्याचा आधार लागत नाही, हे न्यायालयांच्या इतिहासातून दिसते. ‘माणूस’ या शब्दात कोणाकोणाला मोजायचे, हा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि त्याला आत्म्याविना दिलेले उत्तर टिकते का, ते पुढच्या भागात बीटीचा युक्तिवाद सविस्तर घेऊन तपासू.