कोंबड्यांचे घर कसे असावे?

तुमच्या घरी आठ-दहा कोंबड्या आहेत. दिवसभर त्या उकिरडा उकरतात, खळ्यातले दाणे टिपतात. त्यांच्या पोटाची काळजी आपल्याला फारशी पडत नाही. पण दिवस मावळला की त्या झोपतात कोठे?

पुष्कळ घरी ओट्याखाली दगडमातीचे खुराडे असते. एकच तोंड, त्याला एक फळी. संध्याकाळी कोंबड्या आत घालायच्या, फळी लावायची, वर दगड टेकवायचा. झाले काम! “कोंबडीले कायले पायजे माडी?” असे कोणी म्हणेल. माडी नको, हे खरे. पण उन्हाळ्यात एखाद्या सकाळी फळी काढावी, तर आत कोंबडी मरून पडलेली असते. आपण म्हणतो, रोग आला. दर वेळी रोगच असतो असे नाही, बरे का.

कोंबडीचे अंग मुळातच गरम. माणसाचे अंग 37 अंश, तर कोंबडीचे 41 अंशांच्या आसपास. आणि तिला घाम येत नाही. उकडू लागले की ती चोच उघडून धापा टाकते. श्वासाबरोबर अंगातली ओल बाहेर जाते, तोच तिचा गारवा. आता बंद खुराड्यात दहा कोंबड्या धापा टाकू लागल्या तर काय होईल? आतली हवा दमट होईल. दमट हवेत ओल सुकत नाही, म्हणून गारवाही मिळत नाही. त्यातच विष्ठेचा झोंबणारा वास. जीव गुदमरतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर हे फार जपायला पाहिजे. घाटावर, चिखली-मेहकरकडे, रात्री जरा तरी वारा सुटतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. तिथे रात्रीही भिंती तापलेल्याच असतात.

म्हणून खुराडे निवडताना पहिली गोष्ट पाहायची, ती वारा. लिंबाच्या सावलीत, पाणी न साचणारी उंच जागा धरा. घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन आखूड बाजूंवरच पडेल. त्या दोन बाजूंना तुराट्यांचा कूड लिंपून घ्या. उत्तर-दक्षिण या लांब बाजू जाळीच्या करा. पावसाच्या झडीत आणि थंडीत त्यांवर गोणपाट सोडता येते. छपराला नुसते टीन नको. टीन म्हणजे उन्हात तवाच! टीन असेलच, तर वर पऱ्हाट्यांचा नाहीतर गवताचा जाड थर टाका.

दहा कोंबड्यांना पाच फूट लांब, चार फूट रुंद जागा पुरते. पण घर जमिनीला टेकलेले नको. बाभळीच्या मेढी रोवून दोन-तीन फूट उंच मचाण करा. तळाला बांबूच्या पट्ट्या, मध्ये बोटभर फट. विष्ठा खाली पडते, रोज झाडून उकिरड्यात टाकता येते. लहान पिलांचे पाय मात्र या फटीत अडकतात. पिलांची कोंबडी काही आठवडे डाल्याखालीच बरी.

आता दुसरी गोष्ट, मुंगूस. वारा आत यावा, पण मुंगसाचे तोंड आत येऊ नये. दोन इंची भोकाची स्वस्त जाळी घेऊ नका. करंगळी जेमतेम जाईल, अशी अर्ध्या इंचाची घ्या. घूस, साप यांनाही ती अडवते. पैसा कमी असेल, तर छपरात वाचवा, जाळीत नको. आणि दाराला कडी-कोयंडा हवाच. टेकवलेला दगड बोका सहज सरकवतो.

सातपुड्याच्या रानातला रानकोंबडा रात्री झाडाच्या फांदीवर झोपतो. आपल्या कोंबडीची जातही मूळची रानातलीच. तिलाही उंचावर बसल्याशिवाय स्वस्थता नाही. म्हणून आत गोल काठ्या आडव्या बांधा. प्रत्येकीला वीतभर जागा धरली, तर पाच-पाच फुटांच्या दोन काठ्या झाल्या. दोन्ही एकाच उंचीवर बांधा. एक वर, एक खाली केली, तर साऱ्या वरच्या काठीसाठी भांडतात. काठ्यांच्या फटीत बारीक लाल किडे लपतात आणि रात्री रक्त पितात. तिथे अधूनमधून चुना फासावा. अंडी घालायला कोपऱ्यात फूटभर रुंद दोन खोकी ठेवा, आत गवत अंथरा.

नव्या घरात कोंबड्या आपण होऊन शिरत नाहीत. जुन्याच ओट्याकडे धावतात. त्यांच्यामागे पळू नका. अंधार पडला, त्या सुस्तावल्या, की उचलून एकेक काठीवर बसवा आणि कडी लावा. सकाळी तिथेच मूठभर ज्वारी टाका. चार-पाच दिवस असे करा. मग संध्याकाळी बोलवावे लागत नाही.