डेटाबेस अचानक पासवर्ड का विचारतो?

आपल्या मंडळाच्या ग्रंथालयाची सूची आणि सभासदांची नोंदवही कार्यालयातल्या एका लिनक्स संगणकावर, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. तिची बॅकअप प्रत रोज रात्री आपोआप निघते, असा आपला समज. मध्यंतरी पाहिले तर तीन आठवड्यांच्या सगळ्या फायली रिकाम्या! तोच आदेश हाताने चालवला, तेव्हा पडद्यावर पासवर्डची विचारणा आली. ती पूर्वी कधीच येत नसे. रात्री उत्तर द्यायला कोणी नसते, म्हणून काम तिथेच अडत होते.

असे झाले की दोन ठिकाणी पाहावे. पहिले सर्व्हरकडे. कोणाला पासवर्ड विचारायचा, हे 'पीजी_एचबीए.कॉन्फ' या फायलीत लिहिलेले असते. सर्व्हर ती वरून खाली वाचतो आणि लागू पडणारी पहिली ओळ सापडली की थांबतो. त्या ओळीने प्रवेश नाकारला तरी पुढची बघत नाही. त्यातल्या 'लोकल' ओळी त्याच संगणकावरच्या सॉकेटसाठी असतात, 'होस्ट' ओळी नेटवर्कच्या वाटेने येणाऱ्यांसाठी. गंमत अशी, की त्याच संगणकावर बसून आदेशात 'लोकलहोस्ट' लिहिले तरी ती नेटवर्कचीच वाट धरली जाते. उबुंटूवर सॉकेटला सहसा लिनक्समधले नाव पुरते, या वाटेला मात्र पासवर्ड लागतो.

दुसरे ठिकाण आपल्या बाजूचे, म्हणजे '.पीजीपास' ही लपलेली फाइल. तिच्या प्रत्येक ओळीत होस्ट, पोर्ट, डेटाबेस, वापरकर्ता आणि पासवर्ड असे पाच भाग असतात. आमचे घोडे इथेच अडले होते. फायलीत होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' होते आणि कोणीतरी स्क्रिप्टमध्ये त्याजागी १२७.०.०.१ लिहिले. संगणक तोच, पण इथे अक्षराला अक्षर जुळावे लागते! नाव बदलताच साठवलेला पासवर्ड सापडेना. स्क्रिप्टमध्ये पूर्वीचे नाव परत लिहिले आणि बॅकअप सुरू झाली. या फायलीच्या आणखी दोन खोडी आहेत. तिची परवानगी ०६०० पेक्षा सैल असली तर ती वाचलीच जात नाही. शिवाय जो वापरकर्ता स्क्रिप्ट चालवतो त्याच्याच होम फोल्डरमध्ये ती लागते. रूटच्या क्रॉनला तुमची फाइल दिसत नाही.

अशा वेळी पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये 'ट्रस्ट' लिहून मोकळे व्हा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रश्न विचारणे बंद होते खरे, पण त्या ओळीत बसणारा कोणीही कोणत्याही नावाने, अगदी मुख्य वापरकर्ता म्हणूनसुद्धा, आत येतो. आपल्या नोंदवहीत सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. आम्ही ते केले नाही.

पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये काही बदल केलाच, तर सर्व्हरला ती पुन्हा वाचायला सांगावे लागते. तोवर जुनेच नियम चालतात. बॅकअपच्या आदेशात आता 'कधीही विचारू नको' हा पर्याय घातला आहे, त्यामुळे पासवर्ड मिळाला नाही तर तो लगेच चूक दाखवून थांबतो. फाइल रिकामी निघाली तर सचिवांना ईमेल जातो.