माल आधी की गिऱ्हाईक आधी?

कापड बाजारात 'मार्केटिंग' हा शब्द आता सर्रास ऐकू येतो. बहुतेक व्यापारी त्याचा अर्थ जाहिरात किंवा माल खपवणे असा घेतात. हा अर्थ अपुरा आहे. विक्री म्हणजे तयार मालाचे पैसे करणे. मार्केटिंग त्याच्या फार आधी, सूत खरेदी करण्यापूर्वीच सुरू होते. हे कापड कोण वापरणार? कशासाठी? त्याला कोणता दाम परवडेल? आणि ते त्याला कोठे मिळेल?

धंदा चालवण्याच्या चार दृष्टी सांगितल्या जातात. पहिलीत भर उत्पादनावर असतो : जास्त काढा, स्वस्त काढा. दुसरीत मालाच्या दर्जावर. तिसरीत विक्रीवर : माल पडून आहे, कसाही गळ्यात मारा. चौथी दृष्टी गिऱ्हाइकाच्या गरजेपासून सुरू होते आणि मागे कारखान्यापर्यंत येते.

पहिल्या दृष्टीचे बळ आणि तिची मर्यादा अमेरिकेच्या हेन्री फोर्ड यांच्या उदाहरणात दिसते. १९०८ साली त्यांची 'मॉडेल टी' मोटार सुमारे ८५० डॉलरला होती. उत्पादन वाढवून त्यांनी किंमत तीनशे डॉलरच्या खाली आणली. सामान्य माणूस मोटारीत बसला. पण १९१४ पासून बरीच वर्षे ती गाडी फक्त काळ्या रंगात मिळे. लोकांची ऐपत वाढली, आवड बदलली. जनरल मोटर्सने निरनिराळ्या दामांची, निरनिराळ्या रंगांची मोटार हप्त्यांवर दिली. १९२७ साली फोर्डना 'मॉडेल टी' बंद करावी लागली. माल वाईट नव्हता, गिऱ्हाईक पुढे गेले होते.

आता मालेगाव, भिवंडीकडे पाहू. आमचा यंत्रमागधारक ग्रे कापड विणतो. ते दलालामार्फत जाते, रंगाई-छपाईसाठी पाली, बालोतऱ्यापर्यंत पोहोचते, मग घाऊक बाजार आणि शेवटी दुकान. जी बाई ते कापड अंगावर घालते ती मागवाल्याला कधी दिसतच नाही. म्हणून भाव पडला की त्याला एकच उपाय सुचतो : आणखी विणा, आणखी स्वस्त विका. सर्वांनी तेच केले की भाव आणखी पडतो आणि त्याचा मार शेवटी कारागिराच्या मजुरीवर बसतो.

यावर मोठे भांडवल लागते असे नाही. दुकानदाराने गल्ल्याजवळ एक वही ठेवावी. गिऱ्हाइकाने मागितलेली आणि आपण 'नाही' म्हटलेली प्रत्येक वस्तू तीत लिहावी : कोणता पन्ना, कोणता रंग, कोणता दाम. विक्रीच्या हिशेबात जे कधीच दिसत नाही ते या वहीत दिसेल. परत आलेल्या मालाचे कारणही लिहावे : रंग गेला, कापड आटले, की शिवण उसवली? महिन्यातून एकदा ही वही मागवाल्यापुढे ठेवावी. मागवाल्यानेही फक्त भाव न विचारता, आपला माल पुढे कोणत्या कामाला लागतो हे विचारावे.

प्रत्येकाची प्रत्येक मागणी पुरवणे कोणालाच शक्य नाही. आपले गिऱ्हाईक कोण हे ठरवून त्याचीच नीट सेवा करावी. आणि मालात ऐब असेल तर विकण्यापूर्वी सांगावा. आज मोबाइलवर गिऱ्हाइकाला दहा दुकानांचे भाव क्षणात कळतात. भावात आपल्याला कोणीही मागे टाकील. भरवसा मात्र तो आपल्याच दुकानात शोधत येईल.