गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधील रिले व गोंगाट

गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधील रिले हा विद्युतचुंबकावर चालणारा एक लहान स्विच असून, वादकाने पायाखालची कळ दाबताच ध्वनिसंकेत एका चॅनेलमधून दुसऱ्या चॅनेलकडे वळवणे हे त्याचे कार्य होय. यांपैकी एक चॅनेल स्वच्छ नादासाठी, तर दुसरे हेतुपुरस्सर फाटल्यासारख्या केलेल्या नादासाठी राखलेले असते. ‘ध्वनिवर्धक’ हा मराठी शब्द कर्ण्यासाठीही रूढ असल्याने या लेखात ‘अ‍ॅम्प्लिफायर’ हाच शब्द योजला आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांत असे अ‍ॅम्प्लिफायर केवळ गिटारवादकांच्या हाती नसतात. वाद्यवृंद आणि बँजो पथकेही ते वापरतात. येथे ‘बँजो’ म्हणजे पाश्चात्त्य वाद्य नव्हे, तर पिकअप बसवलेला बुलबुलतरंग होय. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत चॅनेल अडकले तर पथकाचा कार्यक्रमच थांबतो, त्यामुळे दोष नेमका कोठे आहे हे लवकर ओळखण्यास महत्त्व येते.

== चॅनेल न बदलणे ==

प्रथम पायकळ काढून अ‍ॅम्प्लिफायरच्या दर्शनी पट्टीवरील बटण दाबून पाहावे. बटणाने चॅनेल बदलत असेल, तर दोष पायकळीत किंवा तिच्या वायरीत आहे. अनुभवी कारागीर येथूनच आरंभ करतात, कारण पायाखाली तुडवली जाणारी वायर सर्वांत आधी तुटते.

बटणानेही चॅनेल बदलत नसेल, तर रिलेची बारीक ‘टिक्’ ऐकू येते का, हे पाहावे. टिक् येत असूनही नाद बदलत नसेल किंवा क्षीण येत असेल, तर रिलेच्या संपर्कबिंदूंवर मळ साचलेला असतो. गिटारचा संकेत अतिशय दुर्बळ असल्याने चांदीवरील गंजाचा पातळ थर तो भेदू शकत नाही. मोठा प्रवाह वाहणाऱ्या रिलेत हाच थर ठिणगीने जळून जातो. म्हणूनच संकेतासाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्कांचे रिले वापरतात. बंद डबीच्या रिलेत साफ करण्याचा फवारा शिरत नाही. असा रिले बदलणेच इष्ट.

टिक् येतच नसेल, तर रिलेच्या वेटोळ्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे. ते योग्य असूनही रिले हलत नसेल, तर वेटोळे तुटले असण्याचा संभव अधिक. व्होल्टेज कमी भरल्यास पुरवठ्यातील जुना कपॅसिटर किंवा सैल डाग संशयास्पद ठरतो. व्होल्टेज मुळीच येत नसेल, तर रिले चालवणारा ट्रान्झिस्टर तपासावा. वेटोळ्याला उलट दिशेने जोडलेला डायोड निकामी झाला असल्यास, रिले सुटताना उसळणारे व्होल्टेज नवा ट्रान्झिस्टरही जाळते. ट्रान्झिस्टर बदलताना डायोड न तपासणे ही दुरुस्तीतील सर्वांत महागडी घाई म्हणता येईल.

== चॅनेल बदलताना येणारा ‘टप्प’ आवाज ==

संपर्काच्या दोन्ही बाजूंना एकदिश व्होल्टेज सारखे नसेल, तर जोडणीच्या क्षणी स्पीकरला धक्का बसतो. आधीच्या टप्प्यातील जोड-कपॅसिटर गळू लागणे हे याचे नेहमीचे कारण. संपर्कापासून जमिनीपर्यंत सुमारे १ मेगाओहमचा रोधक बसवून ती बाजू शून्यावर ठेवण्याची पद्धत आहे. हा रोधक तुटला तरीही तोच आवाज येतो.

== गोंगाटाचे निदान ==

भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. त्यामुळे घुमघुम ५० हर्ट्झची आहे की १०० हर्ट्झची, हे कानाने ओळखता आले तर अर्धे निदान झाले. हे दोन्ही स्वर पांढरी पाचच्या किंचित वर लागतात आणि त्यांत एका सप्तकाचे अंतर असते. तंबोरे घडवणाऱ्या मिरजेत असा कान असणाऱ्यांची वाण नाही. खालचा स्वर बहुधा सदोष अर्थिंग, एकाहून अधिक मार्गांनी झालेली जमिनीची जोडणी किंवा ट्रान्सफॉर्मरच्या सान्निध्यातून येतो. वरचा स्वर पुरवठ्यातील गाळण-कपॅसिटर वाळल्याचे सुचवतो. रिलेचा पुरवठाच अशुद्ध असेल, तर त्याची घुमघुम शेजारच्या संकेतवाहक वायरीत उतरते.

सर्व नियंत्रणे शून्यावर आणूनही गोंगाट कायम राहिला, तर दोष नंतरच्या, म्हणजे शक्तिवर्धक भागात असतो. तो कमी झाला, तर आधीच्या भागात. खुंटी फिरवताना होणारी खरखर वेगळी. ती धुळीने होते. जत, आटपाडी, माण या कोरड्या पट्ट्यात तिचा उपद्रव अधिक असतो, तर महाबळेश्वर व पाटणच्या दमट हवेत संपर्क गंजतात. २०१९ च्या कृष्णेच्या महापुरासारख्या पुराच्या पाण्यात बुडालेली उपकरणे नुसती वाळवून चालू करणे धोक्याचे असते, कारण ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत ओल टिकून राहते.

== धोके ==

घुमघुम थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याची सवय मंडपांतून आढळते. आवाज थांबतोही, मात्र आत वायर सुटल्यास २३० व्होल्ट थेट वाद्याच्या तारांवर येऊ शकतात, आणि वादकाच्या ओठांजवळ मायक्रोफोन असेल तर वीज त्याच्या शरीरातून वाहते. वाद्य आणि माइक एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घेणे हा घुमघुमीवरचा योग्य उपाय होय.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ३०० ते ५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही ते कपॅसिटरांत टिकून राहतात. ते रोधकातून निचरून मीटरवर शून्य पाहिल्याखेरीज आत हात घालू नये. ज्याला हे ठाऊक नाही, त्याने पायकळ, वायर आणि अर्थिंग यांची बाहेरूनच तपासणी करून उपकरण जाणकाराकडे द्यावे.