सहा गठ्ठे

दिवाळी आठ दिवसांवर आली की आपल्या घरोघरचे माळे रिकामे होऊ लागतात. गळकी बादली, लंगडी खुर्ची, बंद पडलेला रेडिओ, कुणाच्या तरी बारशाला आलेला पाळणा, असा सगळा संसार अंगणात मांडला जातो. झाडझूड होते, आणि संध्याकाळी त्यातले निम्म्याहून अधिक सामान पुन्हा माळ्यावर जाते. "असू दे, लागेल कधीतरी," हे त्याचे समर्थन. घरातल्या या अडगळीवर आजवर पुष्कळ विनोद झाले आहेत. मला येथे लिहावयाचे आहे ते कामाच्या टेबलावरील अडगळीविषयी, आणि तिच्याआड माणूस आपल्याच नोकरीत कसा अडकून बसतो याविषयी.

प्रारंभ स्वतःपासूनच केलेला बरा. मी अर्थशास्त्र शिकवतो. माझ्याजवळ पिवळ्या पडलेल्या टिपणांच्या सात वह्या होत्या. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत रात्र रात्र जागून त्या काढलेल्या, आणि पुढे वर्षानुवर्षे वर्गात त्याच वाचून दाखवलेल्या. एके दिवशी 'भारतातील नियोजन' हे प्रकरण सांगताना मी सवयीने वाचून गेलो, "नियोजन आयोग सध्या पुढीलप्रमाणे कार्य करतो." मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि अगदी अदबीने म्हणाली, "सर, तो तर आता नाही ना? २०१५ पासून नीती आयोग आहे." वर्ग हसला नाही, हे मला अधिक लागले. मला ठाऊक नव्हते असे नाही. मी स्वतः त्याविषयी वर्तमानपत्रात वाचले होते, स्टाफरूममध्ये वाद घातला होता. पण वही उघडली की डोके मिटत असे.

त्या सुमारास कामाचा कंटाळा आला होता, हे खरे. नोकरी सोडावी, दुसरे काही करावे, असे दर रविवारी वाटे आणि सोमवारी विरून जाई. आपण अडकलो आहोत एवढेच कळत होते. कशात, ते कळत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत मामा आले. ते महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. माझे कपाट पाहून म्हणाले, "अरे, हे कपाट आहे की जुने रेकॉर्ड? तुमच्या कॉलेजात सहा गठ्ठे करत नाहीत का?"

"मामा, हे तुमच्या कचेरीतले. प्राध्यापकाला कसले गठ्ठे?" मी म्हणालो.

"कागद सगळ्यांचे सारखेच साचतात रे," ते म्हणाले, आणि त्यांनी मला जे सांगितले ते आपल्याच जिल्ह्यात घडलेले असल्यामुळे येथे थोडे विस्ताराने देतो.

१९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी म्हणून श्री. अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कार्यालयाची घडी नव्याने बसवली. ती पद्धत पुढे 'लखीना पॅटर्न' या नावाने महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही ओळखली जाऊ लागली. तिचे मर्म साधे होते. साचलेले दप्तर सोडवून त्याची वर्गवारी करावयाची. जे कायम राखावयाचे ते 'अ' वर्गात, तीस वर्षे राखावयाचे ते 'ब' मध्ये, दहा वर्षांचे 'क' मध्ये, पाच वर्षांचे 'क-१' मध्ये, आणि ज्याची गरज वर्षभरात संपते ते 'ड' मध्ये. 'ड' वर्गातील कागद मुदत संपली की रीतसर नष्ट करावयाचे. जागा मोकळी झाली की टेबलांची मांडणी बदलावयाची आणि कोणते काम कोणाकडे हे स्पष्ट करावयाचे.

टेबलावरच्या चालू कागदांसाठी शासकीय कार्यालयांत जी रीत रूढ आहे तिला 'सहा गठ्ठा पद्धत' म्हणतात. पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यांवर आपणच काही करावयाचे आहे. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, म्हणजे ज्यांत दुसऱ्याकडून उत्तर यावयाचे आहे. तिसरा ठरावीक मुदतीने पाठवावयाच्या नियतकालिक अहवालांचा. चौथा स्थायी आदेशांचा, जे वारंवार पाहावे लागतात. पाचवा अभिलेख कक्षात पाठवावयाच्या, काम संपलेल्या प्रकरणांचा. आणि सहावा 'ड' वर्गाचा, म्हणजे नष्ट करावयाच्या कागदांचा.

वाचकांना वाटेल, यात नवल ते काय? नवल आहे ते पहिल्या दोन गठ्ठ्यांच्या भेदात. मामांनी मला कपाटातला एकेक कागद हातात धरायला लावला आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला, "हे कुणाकडे अडले आहे?" दुसरा गठ्ठा भराभर वाढू लागला. पीएच.डी.चा अर्धवट आराखडा मी तेथे ठेवला, कारण 'मार्गदर्शकांना वेळ नाही.' नव्या टिपणांसाठी आणलेले कोरे कागद तेथेच गेले, कारण 'अभ्यासक्रम बदलणार आहे.' इंग्रजी बोलण्याच्या सरावाची पुस्तकेही तेथेच, कारण 'मुले मोठी होऊ देत.' मामा शांतपणे म्हणाले, "प्रतीक्षाधीन म्हणायचे तर जावक नंबर दाखव. कुणाला पत्र गेले आहे? स्मरणपत्र केव्हा गेले?" एकालाही गेले नव्हते. मार्गदर्शकांना मी दोन वर्षांत भेटलोही नव्हतो. संध्याकाळपर्यंत दुसरा गठ्ठा जवळजवळ रिकामा झाला आणि पहिला छातीइतका उंच झाला.

मला वाटते, कामात अडकल्याची जी भावना आपल्याला छळते तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. आपल्याकडे अडलेली गोष्ट आपण दुसऱ्याकडे अडली आहे असे समजून ठेवून देतो. ती नजरेसमोर राहते, मनाला टोचते, पण तिच्यावर काही करण्याची जबाबदारी वाटत नाही. पसारा आवरल्याने काम होत नाही. काम कोणाचे आहे, एवढे त्यातून दिसते. जपानच्या मारी कोंडो यांचे पसारा आवरण्यावरचे पुस्तक २०११ साली निघाले आणि जगभर गाजले. वस्तू हातात घेऊन ती आपल्याला आनंद देते का, हे पाहावे, असे त्या सांगतात. घरातील वस्तूंना ही कसोटी ठीक आहे. नोकरीच्या कागदांना मात्र मामांचाच प्रश्न अधिक लागू पडतो.

आता पुढचा प्रश्न बदलाचा. पहिला गठ्ठा एवढा उंच असताना सुरुवात कोठून करावी? आपल्या तालुक्याला पाणी देणारे गोदावरीचे दोन्ही कालवे नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघतात. तेथील गाळ काही एका पुरात साचलेला नाही. तो वर्षावर्षाने साचला. सवयींचेही तसेच असते, आणि म्हणून त्या एका रात्रीत उपसण्याचा हट्ट धरला की माणूस चौथ्या दिवशी दमतो. मी सातही वह्या जाळून टाकण्याच्या विचारात होतो. मामांनी अडवले. "आधी एक लिही, मग एक फाड," ते म्हणाले. तेव्हापासून आठवड्याला एकच व्याख्यान नव्याने लिहितो. जुनी पाने त्या दिवशी 'ड' मध्ये जातात. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मार्गदर्शकांना भेटतो किंवा पत्र लिहितो. दोन वर्षे होत आली, पाच वह्या गेल्या, दोन उरल्या.

हळूहळू बदलणे म्हणजे कच खाणे, असे तरुण वाचकांना वाटण्याचा संभव आहे. त्यांनी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र पाहावे. कर्वे १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पण नोकरी सोडली नाही. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला, तेव्हा ते हिंगण्याहून महाविद्यालयापर्यंत पायी जाऊन येऊन दोन्ही कामे सांभाळू लागले. प्राध्यापकीतून ते निवृत्त झाले १९१४ साली, आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. नोकरी चालू असतानाच त्यांनी आपले दुसरे आयुष्य असे पावलापावलाने उभे केले.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. प्रत्येकाचे अडकणे कपाट आवरून सुटण्यासारखे नसते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांची, किंवा सकाळी कॉलेज आणि दुपारी दुकानात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण ही पगाराची आणि संधीची आहे. त्यांना 'टेबल आवरा' असा उपदेश करणे ही चेष्टा होईल. पण त्यांनाही सहा गठ्ठे एका अर्थी उपयोगी पडतील. आपल्या हातात काय आहे आणि खरोखर दुसऱ्याच्या हातात काय आहे, हे वेगळे झाले म्हणजे दुसऱ्याकडे मागणी तरी नेमकी करता येते. जे खरोखर प्रतीक्षाधीन आहे त्याची स्मरणपत्रे पाठवत राहणे हेही कामच आहे.

मामा भाऊबीज करून गावी परतले. जाताना माझ्या सहाव्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा रद्दीवाल्याला आजच दे. उद्यापर्यंत ठेवलास तर त्यातले काहीतरी तुला पुन्हा लागेल." मी त्याच दुपारी रद्दीवाल्याला बोलावले.

त्या विद्यार्थिनीचे नाव मी येथे देत नाही. ती यंदा शेवटच्या वर्षात आहे आणि हा अंक तिच्या हाती पडेलच. नियोजनाचे प्रकरण मी सर्वांत आधी नव्याने लिहिले, एवढे तिला कळावे.