लाघवी, लबाड आणि ‘स्मार्ट’

मुलीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी करताना आपल्या घरांतून पूर्वी जे शब्द वापरले जात, त्यांत माणसाची पारख असे. ‘मुलगा लाघवी आहे,’ असे एकाने सांगावे. ‘लाघवी खरा, पण जरा आतल्या गाठीचा,’ अशी दुसऱ्याने पुस्ती जोडावी आणि तेवढ्यावरून वडीलधाऱ्यांनी आणखी चार ठिकाणी विचारून यावे, असा तो रिवाज होता. आज बेळगाव-निपाणीकडच्या मराठी घरांत या चौकशीचे उत्तर बहुधा एकाच शब्दात मिळते: ‘मुलगा स्मार्ट आहे.’ हा शब्द नीटनेटक्या पोशाखाला लागतो, हुशारीला लागतो, चटपटीत बोलण्याला लागतो आणि दुसऱ्याला सहज गुंडाळून पुढे जाणाऱ्यालाही लागतो. खिशातला फोन स्मार्ट, शाळेतला फळा स्मार्ट. आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव आल्यापासून आमचे शहरही स्मार्ट! एवढी ओझी वाहणाऱ्या शब्दाने माणसाची पारख करावी तरी कशी?

माणूस गोड बोलतो, एवढ्यावरून तो भला की बुरा हे ठरत नाही. म्हणूनच आपल्या भाषेने त्या गोडव्यामागे काय दडले आहे ते पाहून निरनिराळी नावे ठेवली. ‘गोडबोल्या’ म्हटले की जिभेवरची साखर तेवढी दिसते. ‘साळसूद’ म्हटले की चेहऱ्यावर भोळेपणा आणि मनात भलतेच, हे कळते. ‘बेरकी’ माणूस स्वतः सहसा फसत नाही; तो दुसऱ्याला फसवीलच असे नाही. ‘बिलंदर’ फसवतो, पण फसलेल्यालाही कधी कधी हसू येते. ‘कावेबाज’ मात्र हसवीत नाही. आणि ‘लाघवी’ या शब्दाची गंमत अशी की त्याच्या मुळाशी संस्कृतातले ‘लाघव’ आहे. लाघव म्हणजे हलकेपणा, चपळाई. जादूगाराच्या ज्या हातचलाखीला आपण ‘हस्तलाघव’ म्हणतो, तेच लाघव जिभेत उतरले की माणूस लाघवी होतो. मन जिंकण्याची कला आणि नाणे लपवण्याची कला, दोन्ही एकाच मुळाच्या!

आम्हा सीमाभागातील मंडळींना तर या बाबतीत दुहेरी शिदोरी लाभली आहे. मराठीत फसवणाऱ्याला ‘ठक’ म्हणतात. कानडीत तोच ‘ठक्क’ होतो. मराठीत ‘टोपी घालतात’, कानडीतही ‘टोपी हाकतात’. मराठी माणूस दुसऱ्याला ‘शेंडी लावतो’, तर कानडी माणूस ‘नाम हाकतो’, म्हणजे कपाळावर गंधाचे नाम ओढून मोकळा होतो. टोपी काय, शेंडी काय, नाम काय, सारा कारभार डोक्याशीच! ज्याचे डोके ठिकाणावर नाही तोच फसतो, असा दोन्ही भाषांचा अभिप्राय दिसतो. खुशामतीसाठी मराठीत लोणी लावतात, कानडीतही ‘बेण्णे’च लावतात. निपाणी तर तंबाखूची पेठ. तेथे ‘चुना लावणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तळहातावरच्या चिमटीत चुना अंमळ जास्त झाला की जीभ भाजते, आणि व्यवहारात लागला तर खिसा.

मग इंग्रजीत ही पारख नाही काय? अवश्य आहे, पण शब्द देशांतर करताना आपले अर्धे सामान मागेच ठेवून येतो. आपल्याकडचा ‘ठग’ गेल्या शतकाच्याही आधी विलायतेत गेला. सुरपूर संस्थानचा कारभार पुढे ज्याने पाहिला त्या मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली निघाली. ठगाची खरी ओळख अशी की तो वाटसरूंशी गोड बोलून त्यांचा सोबती बनत असे आणि मगच गळ्याला फास लावीत असे. आज इंग्रजीत हाच शब्द दांडगाई करणाऱ्या गुंडाला लावतात. फास राहिला, गोडवा गळाला!

उलट दिशेने आलेल्या शब्दांचेही तसेच झाले. ‘स्मार्ट’ याचा जुन्या इंग्रजीतला अर्थ झोंबणारा, वेदना देणारा. डोळ्यांत धूर गेला की ते चुरचुरतात, त्या क्रियेला इंग्रजीत आजही हाच शब्द आहे. ‘ग्लॅमर’ हा ‘ग्रामर’चाच, म्हणजे व्याकरणाचा, स्कॉटलंडात झालेला अपभ्रंश, विद्वानाला मंत्रतंत्र येतात या समजुतीतून त्याचा अर्थ झाला नजरबंदी. ‘कॉन्फिडन्स’ हा तर आमच्या शाळांतून सद्गुण म्हणून शिकवला जातो. पण १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा एक सद्गृहस्थ अनोळखी माणसांना विचारीत असे, ‘उद्यापर्यंत आपले घड्याळ माझ्याजवळ ठेवण्याइतका आपला माझ्यावर विश्वास आहे काय?’ लोक घड्याळ देत आणि तो नाहीसा होई. तेव्हापासून अशा भामट्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ हे नाव पडले. आपण चमक तेवढी आयात केली. झोंबणे, नजरबंदी आणि गेलेले घड्याळ तिकडेच राहिले.

कधी मात्र शब्द मालकापेक्षा दीर्घायुषी ठरतो. फसवणुकीचे ४२० वे कलम ज्या भारतीय दंड संहितेत होते ती १८६० ची. १९५५ च्या ‘श्री ४२०’ या चित्रपटाने तो आकडा घरोघर नेला. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक ३१८ व्या कलमात गेली. तरी कोणी कोणाला ‘तीनशे अठरा’ म्हणत नाही. ‘चारसोबीस’मध्ये निवाडा आहे, म्हणून तो टिकला.

हा केवळ शब्दांचा शौक नव्हे. आजचा ठक दारात येत नाही, फोनवर येतो. तो अदबीने बोलतो, अस्खलित इंग्रजी-हिंदी बोलतो, स्वतःला पोलीस अधिकारी म्हणवतो आणि ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून निवृत्त माणसाची आयुष्याची पुंजी काढून घेतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागणे कठीण. परंतु त्याही आधी उपयोगी पडते ती घरातली भाषा. ‘किती छान बोलत होता!’ असे कोणी म्हणताच, ‘छान म्हणजे कसे? लाघवी, साळसूद, की कावेबाज?’ असे विचारणारे माणूस घरात हवे.

इंग्रजी शब्दांना दार बंद करा, असे माझे म्हणणे नाही. सीमेवर राहणाऱ्याला दारे बंद करून चालतही नाही. पाहुण्या शब्दाला त्याच्या सामानासकट घरात घ्यावे, एवढेच. आणि मुले एखाद्याला ‘स्मार्ट’ म्हणाली की त्यांना विचारावे, ‘म्हणजे हुशार, बेरकी की लबाड?’ उत्तर शोधताना ती मराठीही शिकतील आणि माणूसही ओळखतील.